गवती चहाचा हिशेब

फॉरवर्ड तुम्हालाही आला असेल. हिरव्या पातीचा फोटो, खाली लाल अक्षरं: इस्रायलच्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय की एक कप गवती चहा कॅन्सरच्या पेशींना आत्महत्या करायला लावतो. पुढे हात जोडलेले इमोजी आणि ‘निदान दहा जणांना पाठवा’. वर्षानुवर्षं फिरतोय तो. आमच्या घरच्या ग्रुपवर तो आला तेव्हा माझ्या काकांना लिम्फोमाचं निदान होऊन सात आठवडे झाले होते, आणि परळच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांच्या केमोच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या.

एरवी मी असल्या मेसेजखाली काही लिहीत नाही. पण यावेळी फॉरवर्डच्या खाली गावच्या एका आत्येभावाने लिहिलं, “पुढची केमो महिनाभर पुढे ढकलून हे करून बघायला काय हरकत आहे? घास-पाला आहे, साइड इफेक्ट तर नाही.” काकीने त्याला उत्तर दिलं नाही, पण दुसऱ्या दिवसापासून लालबागच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत दिवसातून आठ वेळा गवती चहा उकळायला लागला. तिसरी फेरी बारा दिवसांवर होती.

मी केमिस्ट्रीत बीएस्सी केलंय आणि आता एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला आहे. म्हणजे औषधातलं मला काही कळत नाही, पण कशात काय किती आहे हे मोजणं हा माझा रोजचा धंदा. काकी मला म्हणाली, “तू शिकलेली आहेस ना, मग वाचून सांग. खोटं असेल तर खोटं सांग. पण वाचून सांग.” ‘हा फॉरवर्ड फेक आहे’ एवढं म्हणून सुटता येईना, कारण वाचायला लागल्यावर कळलं की तो पूर्ण खोटा नाहीच.

आधी गवताविषयी. दादर स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे वसई-विरारकडून येणाऱ्या बायका अळू, पुदिना, विड्याची पानं मांडून बसतात. त्यांच्याकडे दोऱ्याने बांधलेल्या पातींची जुडी मिळते. पावसाळ्यात जास्त, कारण तेव्हाच घराघरांत कुणीतरी शिंकत असतं. गिरगावातल्या चाळींत ती विकत आणायची गरज नसायची. गॅलरीच्या कठड्याला डालड्याच्या डब्यात नाहीतर फुटक्या बादलीत एक ठोंब असायचंच. कोकणातल्या घरी न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढणारं तेच ठोंब माणसांबरोबर बोटीने मुंबईला आलेलं. या गवताला फुलोरा क्वचितच येतो, बी मिळत नाही, ठोंब फोडूनच ते वाढवायचं. म्हणजे शेजारणीने दिलेला फुटवा हा तिच्या ठोंबाचं पिल्लू नाही, तेच झाड आहे, दुसऱ्या डब्यात राहायला गेलेलं.

शास्त्रीय नाव ‘सिम्बोपोगॉन सिट्राटस’. हे नाव १९०६ साली क्यू बागेतल्या ओटो स्टाफ यांनी भारत आणि श्रीलंकेतल्या तेलगवतांची नीट वर्गवारी केली तेव्हापासूनचं. आपल्याकडच्या औषधांच्या पुस्तकांत ते त्याआधीच आलं होतं. १८६८च्या ‘फार्माकोपिया ऑफ इंडिया’मध्ये या गवताचं तेल अधिकृत औषध म्हणून होतं, पोटातल्या वायूसाठी आणि सांध्यांना वरून चोळायला. मुंबईत सरकारी औषधभांडार सांभाळणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या, १८९०च्या दशकातल्या ‘फार्माकोग्राफिया इंडिका’तही ते आहे. तापात घाम यावा म्हणून द्यायचा गरम काढा, हा उपयोग तेव्हाचा आणि आपल्या आजीचा एकच. कॅन्सरचं नाव कुठेच नाही, पण तेव्हाच्या पुस्तकांत ते नसणं हा काही पुरावा नव्हे.

आता पातीच्या आत काय आहे ते. पात चुरगाळली की जो लिंबासारखा वास येतो तो जवळजवळ सगळा एकाच पदार्थाचा: सिट्रल. खरं तर ती जुळी भावंडं आहेत, जेरॅनिअल आणि नेरल. दोघांत अणू तेच आणि तेवढेच, फक्त एका दुहेरी बंधाशी एकाची शेपटी या बाजूला वळलेली, दुसऱ्याची त्या बाजूला. ताज्या पातीत तेल अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर, आणि त्या तेलात साधारण सत्तर-पंचाहत्तर टक्के सिट्रल. बाकी मिर्सीन आणि इतर किरकोळ मंडळी.

सिट्रलचं उद्योगजगतातलं करिअर मोठं आहे. १८९३मध्ये टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी त्यापासून आयोनोन बनवलं, म्हणजे व्हायोलेट फुलांचा वास. पुढे त्याच वाटेने कारखान्यांत ‘अ’ जीवनसत्त्व बनू लागलं. केरळातलं गवती तेल कोचीनहून जहाजं भरभरून गेलं ते यासाठी. आपल्या खानदेशातलं रोशा गवत हे गवती चहाचं चुलत भावंडच. त्याचं तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राकडे जायचं आणि तिकडे तुर्की गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जायचं. रोशातला मुख्य पदार्थ जेरॅनिऑल. त्यातले दोन हायड्रोजन काढले की सिट्रल. हे विषयांतर आहे हे मला कळतंय, पण मुंबईची भेसळ इस्तंबूलपर्यंत पोचली होती हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

तर पातेल्याकडे. सिट्रल पाण्यात फारसं विरघळत नाही आणि वाफेबरोबर उडून जातं. तेल काढणारे लोक नेमकं हेच करतात. गवतातून वाफ सोडतात, ती थंड करतात, वर तरंगणारं तेल उचलतात. झाकण न ठेवता दहा मिनिटं खळखळ उकळवलेला गवती चहा म्हणजे ही भट्टीच, फक्त तेल गोळा करणारा भाग नसलेली. काकीच्या खोलीत शिरताच जो मस्त वास यायचा तो कपातून निघून गेलेल्या सिट्रलचा होता. दुधाचा चहा असेल तर थोडं सिट्रल दुधातल्या स्निग्धांशात अडकून राहतं. पण काकी काकांना बिनदुधाचा द्यायची, कारण फॉरवर्डमध्ये तसं लिहिलं होतं.

आता तो इस्रायली अभ्यास. तो खरा आहे. बेन-गुरियन विद्यापीठातल्या याकोव्ह वाइनस्टाइन यांच्या गटाने नातिव दुदाई यांच्याबरोबर केलेला हा शोधनिबंध २००५ साली ‘प्लान्टा मेडिका’ या नियतकालिकात आला. त्यांनी रक्तपेशींच्या कर्करोगातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या आणि त्यांवर सिट्रल सोडलं. प्रमाण ४४.५ मायक्रोमोलर. त्या पेशी खरोखर मेल्या, आणि पेशी जशा आपला आपण गाशा गुंडाळतात तशा पद्धतीने मेल्या. शिवाय लेखकांनी स्वतःच लिहिलंय की एक ग्रॅम गवती चहा घालून केलेल्या कपात साधारण एवढंच सिट्रल असतं. फॉरवर्डमधलं ‘एक कप’ आलं ते इथून. आणि काकांचा आजारही रक्तपेशींच्याच कुळातला. हे वाक्य वाचल्यावर मी लॅपटॉप थोडा वेळ बंद करून ठेवला होता.

मग कागद घेतला. ४४.५ मायक्रोमोलर म्हणजे लिटरला ६.८ मिलिग्रॅम सिट्रल. २०० मिलिलिटरच्या कपात १.३५ मिलिग्रॅम. बशीतल्या पेशी या कपात बुडून बसलेल्या होत्या. त्यांच्या आणि सिट्रलच्या मध्ये कुणीच नव्हतं. काकांच्या पेशी काकांच्या आत आहेत. त्यांचं वजन तेव्हा ६२ किलो, त्यातलं साधारण ३७ लिटर पाणी. एक कप त्यात मिसळला तर तो १८५ पटीने पातळ होतो. बरं, १८५ कप पाजले तर? तर पाणीही ३७ लिटर वाढेल, आणि प्रमाण कपाच्या निम्म्यावरच अडेल. गणित साधं आहे: चहा पिऊन अंगातलं प्रमाण त्या कपातल्याइतकं कधीच होऊ शकत नाही. कप बराच जास्त कडक करावा लागेल. किती? ३७ लिटरला २५० मिलिग्रॅम सिट्रल एका दमात. खाद्यपदार्थांतल्या मिश्रकांसाठी एफएओ आणि डब्ल्यूएचओ यांची जी संयुक्त तज्ज्ञ समिती आहे, तिने सिट्रलसाठी रोज किलोमागे अर्धा मिलिग्रॅम ही मर्यादा घातलीय. काकांसाठी ती ३१ मिलिग्रॅम. म्हणजे मर्यादेच्या आठपट.

हा हिशेबही सिट्रलच्या बाजूनेच झुकलेला आहे, कारण यात मी यकृत धरलंच नाही. त्याच निबंधात म्हटलंय की पेशी मारण्याचं काम सिट्रलच्या एका टोकाला असलेला अल्डिहाइड आणि त्याला लागून असलेला दुहेरी बंध ही जोडगोळी करते. ही जोडगोळी चिकट असते. प्रथिनांमध्ये जिथे गंधक दिसेल तिथे ती जाऊन धरते. कर्करोगाची पेशी असो की आपली साधी त्वचा, तिला फरक नाही. म्हणूनच काही लोकांना सिट्रलची अ‍ॅलर्जी येते आणि युरोपात सौंदर्यप्रसाधनांवर त्याचं नाव वेगळं छापावं लागतं. तुमच्या शाम्पूच्या बाटलीमागे बारीक अक्षरांत बघा, सापडेल. आता यकृतात ग्लुटाथायोन नावाचा गंधकवाला रेणू अशाच चिकट पाहुण्यांना पकडायला भरपूर प्रमाणात बसलेला असतो. शिवाय अल्डिहाइडचं आम्ल करून टाकणारी एन्झाइम्स आहेत. उंदरांवरच्या प्रयोगांत तोंडावाटे दिलेलं बरंचसं सिट्रल दिवसभरात असं रूप बदलून लघवीवाटे निघून गेलं. यकृत आपलं काम चोख करतं, नेमकी हीच इथे अडचण.

निबंधात सिट्रलची तुलना स्टॉरोस्पोरिन नावाच्या पदार्थाशी केलीय. तिथे २२.२५ मायक्रोमोलर सिट्रलसमोर ०.७ मायक्रोमोलर स्टॉरोस्पोरिन आहे. स्टॉरोस्पोरिन १९७७ साली जपानमध्ये एका जिवाणूत सापडलं. बशीत ते जवळपास कुठलीही पेशी मारतं, म्हणून माणसाला थेट देता येत नाही. त्यात रासायनिक फेरफार करून बनवलेलं मिडोस्टॉरिन हे रक्ताच्या एका कर्करोगावरचं औषध म्हणून अमेरिकेत मंजूर झालं २०१७ मध्ये. बशीपासून गोळीपर्यंत चाळीस वर्षं, आणि तीही तिसेक पट ताकदीच्या पदार्थाला. मी हे आत्येभावाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, “कंपन्यांना गवतात पैसा दिसत नाही ना.” त्याचं हे म्हणणं मला सरसकट खोडता आलं नाही.

कारण खरी गोम तिथेच आहे. गवती चहावर अभ्यास शोधायला जा, ढिगाने सापडतात. पण ते बहुतेक तेलावर. तेल बुरशीवर टाकलं, जिवाणूंवर टाकलं, उंदराला टोचलं. तेल म्हणजे पातीचा अर्धा टक्का. उरलेली पात, आणि त्यातून पाण्यात उतरणारे ल्युटिओलिनसारखे फ्लॅव्होनॉइड, क्लोरोजेनिक आम्ल वगैरे, यांच्यावर त्याहून कितीतरी कमी काम. आणि माणसाने कपातून प्यायलेल्या चहावर तर बोटावर मोजण्याइतकं. आपण पितो ती वस्तू एक, अभ्यास होतो ती दुसरी.

कपावरच्या त्या मोजक्या कामातलं सगळ्यात प्रामाणिक मला ब्राझीलचं वाटतं. तिथेही हे गवत घरोघरी, आणि झोप लागावी, जीव शांत व्हावा म्हणून लोक पितात. १९८६ मध्ये तिथल्या संशोधकांनी पन्नास जणांना ते प्यायला देऊन झोप तपासली, कुणाला खरं आणि कुणाला लुटुपुटीचं मिळालंय हे कुणालाच माहीत नसताना. चिंतेचा स्वभाव असलेल्या अठरा जणांची वेगळी चाचणी घेतली. झोपेवर परिणाम नाही, चिंतेवरही नाही. अपायही दिसला नाही. सगळा देश जे मानतो ते आपल्याच देशात तपासून ‘नाही’ असं छापायला धाडस लागतं. नायजेरियात शंभरावर निरोगी लोकांना महिनाभर वेगवेगळ्या मात्रेत पातीचा काढा दिला गेला, तेव्हा जास्त मात्रा घेणाऱ्यांत मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग घटलेला दिसला. दक्षिण आफ्रिकेत एचआयव्हीबाधितांच्या तोंडातल्या बुरशीवर मात्र गवती चहाचा उपयोग होतो असं दिसलं. तिथे वनस्पती थेट बुरशीला भिडते, मध्ये यकृत येत नाही, म्हणून मला ते पटण्यासारखं वाटतं.

काकीला मी यातलं नायजेरियाचं आधी सांगितलं. केमोची औषधं अंगातून बाहेर काढायला मूत्रपिंडं आणि यकृत लागतात, आणि ती आठ कप काढ्याने काय होतात हे कुणी तपासलेलं नाही, एवढंच. ‘घास-पाला आहे’ हे वाक्य मुंबईने एकदा ऐकलंय. कोविडच्या पहिल्या वर्षी गुळवेलीचे काढे किती घरांत उकळले ते आठवा. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या चार महिन्यांत मुंबईतल्या डॉक्टरांना यकृताला इजा झालेले सहा रुग्ण सापडले, सगळे गुळवेल घेणारे. २०२१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की त्यांनी घेतलेली वेल खरी गुळवेलच होती हे तपासलेलं नाही. वाद ज्याचा त्याने वाचावा. मला त्यातला आक्षेपसुद्धा उपयोगी वाटतो, कारण तो गवती चहालाही लागू पडतो. दादरच्या जुडीत सिट्राटस आहे की केरळवालं फ्लेक्झुओसस, हे विकणारीला माहीत नाही, घेणाऱ्याला नाही, आणि कधीकधी निबंध लिहिणाऱ्यालाही नाही.

पण याच गुळवेलीची दुसरी गोष्टही परळचीच आहे. केईएममध्ये डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडल्यामुळे कावीळ झालेल्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली होती, न दिलेल्या रुग्णांशी तुलना करून. या डहाणूकर म्हणजे झाडांवर मराठीत सुंदर लिहिणाऱ्या त्याच. आयुर्वेदातली वनस्पती घ्यायची, आधुनिक पद्धतीने माणसांवर तपासायची, आकडे मांडायचे. लालबागहून वीस मिनिटं चालत गेलं की जिथे पोचतो तिथे हे घडलंय. तेव्हा ‘आपल्या गवताला कोण विचारतं’ हे रडगाणंही पूर्ण खरं नाही.

तिसऱ्या फेरीआधीच्या तपासणीला मी काका-काकींबरोबर गेले. काकीने स्वतःच विचारलं, हात मागे बांधून, शाळेत विचारावं तसं. डॉक्टर तरुण होते. फॉरवर्ड त्यांनी पाहिलेला होता. हसले नाहीत, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. म्हणाले, “एक-दोन कप चालेल, चांगला धुऊन, उकळून. आठ नको. आणि केमो पुढे जाणार नाही. घरी जे जे देताय ते सगळं या कागदावर लिहून आणायचं, माझ्यापासून लपवायचं नाही.” काकीने तिथेच यादी सांगितली. गवती चहाशिवाय त्यात आणखी चार गोष्टी निघाल्या, ज्यांतल्या दोन मलाही माहीत नव्हत्या. डॉक्टरांनी तीन खोडल्या.

केमो ठरल्या तारखेला झाली. त्यानंतरच्या आठवड्यात काकांना अन्नाचा वासही सहन होईना. फोडणीचा नको, दुधाचा नको. गवती चहाचा मात्र चालायचा. ते कप हातात धरून नुसते हुंगत बसायचे आणि मग हळूहळू अर्धा प्यायचे. याचं कारण सिट्रल, की आले-साखर, की गिरगावातल्या लहानपणच्या गॅलरीचा डबा, ते मला सांगता येणार नाही, आणि तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही. आता उपचार संपलेत, तीन महिन्यांनी तपासणी असते.

मला मात्र आता वेगळाच किडा चावलाय. कॅन्सर सोडा. ज्यासाठी हे गवत दीडशे वर्षं पुस्तकांत आणि त्याहून जुनं आपल्या घरात आहे, तो साधा सर्दी-ताप, त्यावर तरी कपाचा उपयोग होतो का? ब्रिटनमधल्या कार्डिफला २००८ मध्ये तीस सर्दीवाल्यांवर पाहिलं होतं की नुसतं फळांचं सरबत गरम करून दिलं तरी शिंका, घसा, थकवा यांना बरं वाटतं. तेच सरबत खोलीच्या तापमानाला दिलं तर एवढा आराम नाही. म्हणजे गवती चहाला गरम पाण्याशी हरवून दाखवावं लागेल. एका जुलैत परळ-लालबागच्या दवाखान्यांत साध्या तापाने येणारे लोक घ्यायचे, अर्ध्यांना आलं-साखर-गवती चहा, अर्ध्यांना आलं-साखर आणि दुसरी कुठलीतरी निरुपद्रवी पात, दर दोन तासांनी थर्मामीटर. खर्च जवळजवळ नाहीच. अडचण एकच, ती मी काकीला सांगितली तर ती पहिल्यांदा मोकळी हसली. खोटा गवती चहा करायचा कसा? ब्राझीलमध्ये जमलं असेल, पण लालबागमध्ये झाकण काढायच्या आधीच तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी ओरडून सांगेल की यात काही गवती चहा नाही.